लिक्विड-कूल्ड होमबिल्ट विमानात कूलंट कोणतं घालावं: हिरवं, नारिंगी की बिनपाण्याचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोलोरॅडोत लाँगमाँटला राहणारे एक मराठी गृहस्थ झेनिथ सीएच ७५० हे छोटं विमान स्वतः बांधतायत. रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन चढवून झालंय, होज पाइप लागलेत, आता कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, भरायचा. हँगरमधला एक शेजारी म्हणतो, बिनपाण्याचंच घाल, उकळायची भानगडच नाही. दुसरा म्हणतो, गाडीचं हिरवं कुठे वाईट असतं? तिसऱ्याने स्वतःच्या विमानात निळं घातलंय आणि त्याला तेच सर्वोत्तम वाटतं. हिवाळ्यात हँगरला हीटर नाही, आणि उन्हाळ्यात डोंगरात उंचावरच्या लेडव्हिलला उतरायची हौस आहे.

कारणांआधी उत्तर सांगून टाकतो. सिलिकेट नसलेलं, ऑरगॅनिक अ‍ॅसिड प्रकारचं, आधीच निम्मं पाणी मिसळून येणारं एथिलीन ग्लायकॉलचं कूलंट घ्या. अमेरिकेत ९१२वाले बरेच जण डेक्सकूल जातीचं वापरतात, तेच. टाकीवर १.२ बारचं, म्हणजे तेवढा दाब आत धरून ठेवणारं, झाकण लावा आणि पुढे कधीही दुसऱ्या रंगाचा थेंब त्यात पडू देऊ नका. विकत घेण्याआधी रोटॅक्सचं एसआय-९१२-०१६ हे सर्व्हिस इन्स्ट्रक्शन उघडून त्यात तुमच्या इंजिनाला काय चालतं ते पाहा. कागद माझ्याशी असहमत असेल तर कागदाचं ऐका.

आता कारणं. मी अकरा वर्षं पुण्यात रेडिएटरच्या टेस्ट बेंचवर काढली, पुढची वीस मिशिगनमध्ये इंजिन कूलिंगवर, आणि ९१२ लावलेलं स्वतः बांधलेलं विमान चौदा वर्षं उडवतोय. एवढ्या काळात ‘बाटली कोणती’ हा प्रश्न मला शंभर वेळा विचारला गेला असेल, आणि ‘झाकण किती बारचं’ हा कोणीच विचारला नाही. खरा प्रश्न तोच आहे.

९१२ मध्ये कूलंट फक्त हेडभोवती, म्हणजे सिलिंडरच्या माथ्याभोवती, फिरतं, हे तुम्हाला माहीत असेलच. सिलिंडर वाऱ्यावर थंड होतात. खालचा पंप रेडिएटरकडून आलेलं कूलंट घेतो, चार नळ्यांनी चार हेडांना देतो, तिथून ते वरच्या एक्सपान्शन टाकीत आणि मग पुन्हा रेडिएटरला जातं. सगळं मिळून तीनेक लिटर. म्हणजे या तीन लिटरचं काम एकच: ज्वलनकक्षाच्या छतातली आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटजवळची उष्णता उचलून बाहेर नेणं. ती जागा फार छोटी आणि फार तापट. तापमानाचा काटा ११० अंश दाखवत असताना तिथला धातू त्याच्या कितीतरी वर असतो. तिथे बारीक बुडबुडे उठले आणि लगेच विरले तर चांगलंच, कारण उकळी उष्णता झपाट्याने उचलते. पण बुडबुडे एकमेकांना चिकटून वाफेचा पापुद्रा झाला की द्रव धातूला शिवत नाही. मग हेड तापतं, नॉकिंग (इंधन अवेळी भडकून ठोके बसणं) सुरू होतं, आणि पुढचं तुम्ही कुठल्याही गॅरेजमध्ये पाहिलेलं असेल: हेड वाकलं, गॅस्केट गेलं.

हा पापुद्रा होऊ द्यायचा नसेल तर उकळबिंदू वर राहिला पाहिजे, आणि उकळबिंदू दाबावर ठरतो. निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात १०७ अंशांच्या आसपास उकळतं. लेडव्हिलचं विमानतळ ९,९३४ फुटांवर आहे, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच. तिथे हवेचा दाब ०.७ बारच्या घरात. तेच मिश्रण तिथे उघड्यावर ९७ ला उकळेल. नुसतं पाणी तर ९० लाच. आणि झाकणावर लिहिलेला १.२ बार हा बाहेरच्या दाबाच्या वरचा असतो, हे लोक विसरतात. समुद्रसपाटीला आत २.२ बार होतात आणि मिश्रण १३१ च्या आसपास उकळतं. लेडव्हिलला आत १.९ च होतात, उकळबिंदू १२६ वर येतो. नवीन ९१२ मध्ये कूलंटच्या तापमानाची मर्यादा १२० आहे. म्हणजे हातात सहा अंश.

आता त्याच टाकीवर ०.९ बारचं झाकण ठेवा. जुन्या इंजिनांवर ते असायचं, आणि दिसायला दोन्ही सारखीच. लेडव्हिलला उकळबिंदू १२१. हातात एक अंश.

हे मी वहीत मांडून शिकलो नाही. बांधल्याच्या दुसऱ्या वर्षी झाकणाचं रबर चिरलं होतं, म्हणून मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून मापाला बसणारं एक उचललं. आकडा वाचलाच नाही. जुलैत पश्चिमेकडे गेलो होतो, दुपारी दोनचा सुमार, सोबत माझा मेहुणा आणि त्याच्या बॅगा. झाडांवरून लवकर वर जावं म्हणून नाक उंच धरून कमी वेगात चढत होतो, म्हणजे रेडिएटरला वारा सर्वांत कमी आणि इंजिनावर भार सर्वांत जास्त. काटा ११८ वर होता, मी म्हटलं अजून लाल रेषेच्या आत आहोत. आधी वास आला, काकवी करपल्यासारखा गोडसर. मेहुणा म्हणाला, “काय रे, गूळ तापवतोयस का?” नाक खाली केलं, पॉवर कमी केली, वळून उतरलो. ओव्हरफ्लोची बाटली गळ्यापर्यंत भरून बाहेर सांडली होती, विमानाचं पोट शेपटीपर्यंत चिकट. झाकणावर ०.९ लिहिलेलं तेव्हा वाचलं. कूलंट उत्तम होतं. दुसऱ्या जातीचं कूलंट घालून त्या दिवशी काही फरक पडला नसता.

मग बिनपाण्याचं का नाही? तो शेजारी अगदीच चुकीचं बोलत नाही. इव्हान्ससारखं बिनपाण्याचं कूलंट म्हणजे जवळजवळ शुद्ध ग्लायकॉलांचं मिश्रण, १९० अंशांच्या आसपास उकळणारं. वाफेचा पापुद्रा होण्याची भीती जवळपास संपते, होजमध्ये दाब फारसा राहत नाही, पाणी नाही म्हणून गंज नाही, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. रोटॅक्सने स्वतः एका टप्प्यावर त्याचा आग्रह धरला होता, पुढे नेहमीच्या मिश्रणालाही परत जागा दिली.

पण पाण्याइतकी उष्णता उचलणारा दुसरा स्वस्त द्रव निसर्गाने दिलेला नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, निम्म्या-निम्म्या मिश्रणाला साडेतीनच्या आसपास, शुद्ध ग्लायकॉलला अडीच-पावणेतीन. ग्लायकॉल जड असतं, त्यामुळे लिटरच्या हिशेबात फरक थोडा कमी होतो, तरीही पाण्यापेक्षा ते पाव हिश्शाहून जास्त मागे पडतं. शिवाय दाट. थंडीत तर मधासारखं. तोच पंप, तोच रेडिएटर, आणि प्रत्येक फेरीत कमी उष्णता बाहेर. म्हणजे उकळणार नाही, पण इंजिन सरसकट जास्त गरम चालेल. यूएलएसचं कॉम्प्रेशन चढं आहे, नॉकिंगला ते आधीच संवेदनशील. उकळीची भीती घालवून धातूचं तापमान वाढवून घेणं हा मला तरी तोट्याचा सौदा वाटतो. तुमचा रेडिएटर ऐसपैस असेल आणि काटे नेहमी खालीच राहत असतील तर चालेल. पण मग उकळीची काळजी तरी कशाला होती?

या वादाचा निकाल खरं तर १९४० च्या सुमारासच लागला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या, स्पिटफायरच्या, पहिल्या मर्लिन इंजिनांमध्ये शुद्ध एथिलीन ग्लायकॉल होतं, नेमकं उंच उकळबिंदूसाठी. मग मर्लिन १२ आलं, स्पिटफायर मार्क २ मधलं, आणि त्यात रोल्स-रॉइसने दाबाखालचं ७० टक्के पाणी, ३० टक्के ग्लायकॉल वापरलं. इंजिन जास्त टिकू लागलं आणि आगीचा धोका कमी झाला. आगीचं विशेष लक्षात ठेवा. शुद्ध ग्लायकॉल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर पेटू शकतं. मिश्रणातलं पाणी आधी वाफ होऊन जावं लागतं, म्हणून ते सहसा पेटत नाही. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या आगरोधक भिंतीच्या, अलीकडे बसणाऱ्या माणसाला हा फरक क्षुल्लक वाटू नये.

आणखी एक व्यावहारिक अडचण. बिनपाण्याच्या कूलंटमध्ये तीनेक टक्क्यांच्या वर पाणी गेलं की त्याचा फायदा कमी होत जातो. आधी पाणी वापरलं असेल तर खास द्रवाने धुवावं लागतं. आणि कुठल्या तरी आडगावच्या पट्टीवर होज गळला, तर तिथे ती बाटली मिळणार नाही. डेक्सकूल पेट्रोल पंपावर मिळतं.

थंडीचं बघू. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही, लाँगमाँटला ते पुरे. इथे एक गंमत आहे: शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं. पाणी मिसळल्याने ते जास्त थंडी सोसतं. ‘मीठ जास्त तर लोणचं जास्त टिकाऊ’ हा हिशेब इथे लागू नाही. मी लोकांना कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, तसंच ओतताना पाहिलंय, “कोलोरॅडोची थंडी आहे बाबा” म्हणत. त्यांनी गोठणबिंदू वाढवून ठेवला आणि उष्णता वाहण्याची ताकद घालवली, दोन्ही एकाच फटक्यात. तयार मिश्रणाची बाटली घ्या म्हणतो ते यासाठीच, मोजमापात चूक होत नाही. (बिनपाण्याच्या बाटल्या उणे ४० पर्यंत चालतात, पण त्या वेगवेगळ्या ग्लायकॉलांच्या मिश्रणामुळे.)

मिश्रण तपासायचं असेल तर तरंगत्या गोळ्यांची पिचकारी वापरू नका, रिफ्रॅक्टोमीटर घ्या. थेंब काचेवर ठेवायचा, उजेडाकडे धरायचं, निळ्या-पांढऱ्याची रेषा कुठे पडते ते वाचायचं. त्यात एथिलीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या पट्ट्या वेगळ्या असतात, चुकीची वाचू नका.

रंगांबद्दल. रंग हे प्रमाण नव्हे, तो नुसता रंग आहे. कंपनीला वाटेल तो टाकता येतो. बघायचं ते गंजरोधक रसायन कोणतं. जुन्या हिरव्यात सिलिकेट असतं. ते अ‍ॅल्युमिनियमवर चटकन थर धरतं, पण दोनेक वर्षांत संपतं, आणि बिनसलं तर जेलीसारखं बसून बारीक वाटा बुजवतं. ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं हळू काम करतं, पण लागेल तिथेच, म्हणून पाचेक वर्षं टिकतं. जपानी गाड्यांची निळी-गुलाबी कूलंटं त्याच कुळातली, वर फॉस्फेटची जोड. जपानी कंपन्या पंपाच्या सीलसाठी सिलिकेट टाळतात, युरोपीय कंपन्या जड पाण्यात क्षार बसतात म्हणून फॉस्फेट टाळतात. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. भांडण होतं ते दोन्ही एका भांड्यात ओतल्यावर: रोधक एकमेकांना निकामी करतात, कधी गाळ धरतो. ‘सर्व रंगांना चालणारं’ असं लिहिलेल्या बाटल्या मी विमानासाठी घेत नाही. मोठ्या डिझेल ट्रकांसाठीचं नायट्राइटवालं तर त्यांच्या सिलिंडरच्या लायनरसाठी (आतल्या नळकांड्यांसाठी) असतं, तुमच्या इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही.

तुमच्या तिसऱ्या शेजाऱ्याच्या निळ्याबद्दल: त्याच्या विमानात होंडावर आधारलेलं इंजिन असेल तर निळं अगदी योग्य. गाडीचं इंजिन विमानात लावणाऱ्यांनी, मग ते सुबारू असो, होंडा की माझदाचं रोटरी, मूळ गाडीवाल्याने सांगितलेलं कूलंटच घालावं. ते सील, ते गॅस्केट त्याच रसायनात तपासलेले असतात. रोटरीवाले बरेचदा रेडिएटर म्हणून गाडीच्या एसीचे अ‍ॅल्युमिनियमचे इव्हॅपोरेटर बसवतात. छान चालतात, पण त्यांच्या नळ्या बारीक. गाळ धरणारं काही त्यात जाता कामा नये. पितळी जुना रेडिएटर कोणी लावत असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तिथे झाळणही सांभाळायची असते.

कॉन्सन्ट्रेट घेऊन स्वतः मिसळायचंच ठरवलं तर पाणी डिस्टिल्ड. आपल्याकडे बॅटरीत घालतो ते, इथे किराणा दुकानात गॅलनच्या कॅनमध्ये मिळतं. विहिरीचं नको, त्यातले क्षार सगळ्यांत गरम जागी, म्हणजे नेमके हेडमध्ये बसतात. पुण्यात बेंचवर एकदा बोअरच्या पाण्यावर चाललेला रेडिएटर कापून पाहिला होता. नळीच्या आत चहाच्या किटलीतल्यासारखा पांढरा पापुद्रा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तेवढ्याने तो रेडिएटर चाचणीत नापास होत होता. घरातल्या सॉफ्टनरचं पाणीही नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, आणि क्लोराइड असतं तसंच राहतं.

भरताना मुख्य शत्रू हवा. एक्सपान्शन टाकी हा सगळ्या यंत्रणेचा सर्वांत उंच बिंदू असला पाहिजे. रेडिएटर किंवा एखादा होज त्याच्यावर कमान करून गेला असेल तर त्या कमानीत हवा अडकणारच. तसं असेल तर तिथे हवा काढायचा स्क्रू द्या किंवा होज फिरवून घ्या. सावकाश भरा, दोन्ही इग्निशन बंद असल्याची खात्री करून प्रोपेलर हाताने थोडा फिरवा, टाकीत बुडबुडे येतील, पुन्हा भरा. इंजिन थोडं चालवून पूर्ण थंड होऊ द्या आणि परत पाहा. थंड इंजिनावर टाकी काठोकाठ हवी. ओव्हरफ्लोच्या बाटलीत कूलंट दिसतंय म्हणजे टाकी भरली आहे, असं समजू नका. इंजिन थंड होताना झाकणातल्या छोट्या व्हॉल्व्हमधून बाटलीतलं कूलंट टाकीत परत ओढलं जातं. बाटलीतली नळी तळापर्यंत बुडालेली नसेल, किंवा झाकणाचं रबर कडक झालं असेल, तर कूलंटऐवजी हवा आत येते आणि बाटली भरलेलीच दिसते. म्हणून रोज पहिल्या उड्डाणाआधी, थंड असताना, झाकण उघडून बोट घालून पाहतो. बोट ओलं झालं पाहिजे.

उतरल्यावर लगेच बंद करू नका, दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. बंद केलं की पंप थांबतो, पण हेडमधली उष्णता जागच्या कूलंटमध्ये उतरत राहते, आणि उकळी तेव्हाच फुटते.

काट्याबद्दल एकच, पण महत्त्वाचं. नव्या ९१२ मध्ये सेन्सर कूलंटचं तापमान मोजतो, जुन्यांत हेडच्या धातूचं. दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या, म्हणून इंजिनाच्या क्रमांकाप्रमाणे तुमच्या मॅन्युअलची योग्य आवृत्ती उघडा, शेजाऱ्याची नको. आणि कूलंट मोजणाऱ्या सेन्सरचा एक वाईट स्वभाव आहे: होज फुटून सगळं कूलंट गेलं, तर सेन्सरभोवती नुसती हवा उरते आणि काटा खाली येऊ शकतो. पायलटला वाटतं, वा, थंड झालं! म्हणून कूलंटचा दाब दाखवणारा सेन्सर किंवा टाकीतली पातळी घटल्यावर दिवा लावणारा स्विच बसवा. कूलंटवर खर्च करायचे पैसे उरले असतील तर ते इथे घाला. तापमान अचानक खाली आलं आणि तेलाचं वर जातंय, तर काट्यावर विश्वास ठेवू नका, उतरायला जागा शोधा.

एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, चवीला गोड असतं, आणि हँगरमधली कुत्री-मांजरं ते चाटतात. थोडंसंही मूत्रपिंडं निकामी करू शकतं. सांडलं की लगेच पुसून, धुऊन टाका, काढलेलं जुनं उघड्या ट्रेमध्ये ठेवू नका. एखाद्या लहान मुलाने तोंडात घातल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न बघता इमर्जन्सीत न्या, उतारा असतो, पण वेळेत मिळाला तर. घरात कुत्रा असेल आणि धास्ती वाटत असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं कूलंट बरंच कमी विषारी असतं, ते चालतंय का हे आधी रोटॅक्सच्या कागदात पाहा.

बदलायचं कधी? बाटलीवर पाच वर्षं लिहिलेलं असलं तरी मी दर दोन वर्षांनी बदलतो, तीन लिटरचा तर प्रश्न. दर पाच वर्षांनी रबराचे सगळे होज बदलायचे असतातच, तेव्हा झाकणही नवीन. काढलेलं कूलंट काचेच्या बरणीत एक रात्र ठेवून सकाळी पाहतो. तळाशी गाळ किंवा वर तेलाचा तवंग दिसला, तर नवीन भरण्याआधी त्याचं मूळ शोधायचं.

आणि टाकीशेजारी फायरवॉलवर एक पट्टी चिकटवा: कूलंटचं पूर्ण नाव, भरल्याची तारीख, झाकण १.२ बार. माझ्या विमानावर ती मराठीत आहे, आणि खाली इंग्रजीतही, कारण टॉप-अप करायला सरसावणारा प्रत्येक जण आपल्याकडचा असतो असं नाही.